यहूदाची आई

प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना मी बावीस वर्षं एक गोष्ट सांगत आले. प्रभू क्रुसावर असताना, त्याला पकडून देणाऱ्या यहूदाची आई तिथं येते. तिला बघून लोक थुंकतात, बाजूला सरतात. ती परत फिरणार, तेवढ्यात पवित्र मरीया तिचा हात धरते आणि तिला आपल्या शेजारी उभी करते. म्हणते, बाई, आज आपल्या दोघींचीही पोरं गेली. इथपर्यंत आलं की वर्ग चिडीचूप व्हायचा.

यंदा ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात नवीन फादर वर्गाच्या दारात उभे राहून हे ऐकत होते. तरुण माणूस, नुकताच शिकून आलेला. मुलं गेल्यावर त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "टीचर, हे कुठल्या शुभवर्तमानात आहे?"

मी तोऱ्यात योहानाचं नाव घेतलं, मग चाचरत लूकचं. घरी येऊन बायबलातली चारही शुभवर्तमानं काढून बसले. कुठंच नाही. चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. यहूदाला आई होती असासुद्धा शब्द नाही.

कुणी म्हणेल, बाईनं बायबल उघडलंच नव्हतं का? उघडलं होतं हो. पण आमचं वाचणं चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेतल्या उताऱ्यांपुरतं. बाकीचा धर्म कानावाटे आत येतो आणि तिथंच ठाण मांडतो. माझ्या कानात तो सिनेमातून आला होता, आणि तो सिनेमा माझ्या वडिलांच्या, दादांच्या, आवाजात होता.

दादा मिशनचे प्रचारक होते. उपासाच्या दिवसांत मिशनची जीप प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरायची. चर्चच्या भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि प्रभूच्या दुःखसहनाचा सिनेमा लावायचा. सिनेमा इंग्रजी, त्यामुळे दादा चादरीशेजारी उभे राहून सगळ्यांचं मराठीतून बोलायचे. शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताची जरब, शिष्य पेत्राचं रडणं, बायकांचं बोलणंसुद्धा. वडीगोद्रीपासून परतूरपर्यंत आमची माणसं पिलाताला दादांच्या आवाजावरून ओळखायची.

फादर म्हणाले होते, रविवारी मुलांना दुरुस्त करून सांगा. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. प्रार्थना मला दादांनी शिकवली, क्रुसाची खूण त्यांनीच माझा हात धरून करवून घेतली. त्यांनी एक खोटं सांगितलं असेल तर बाकीच्यातलं खरं किती? त्या आठवड्यात मला रोजची माळ धड जपता आली नाही.

शनिवारी मी घनसावंगीहून परतूर गाठलं. दादा भावाच्या घरी, ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. नव्वदीला टेकलेत, पण कान तिखट आहेत. मी पाणीसुद्धा न पिता विचारलं. रागच इतका होता.

शेंगा फोडता फोडताच ते म्हणाले, "पिच्चरमधी गर्दीच्या कडंला एक म्हातारी उभी व्हती. ती कुणाची कोण, ते सांगितलंच न्हाई त्यात."

"म्हणून तुम्ही ठरवलं?"

"समोर माझी माय बसल्ती," दादा म्हणाले. "यहूदा दोर घेऊन झाडाकडं चाल्ला, अन् माय उठून जाऊन राह्यली. मंग मी बोललो."

मला आधी कळलंच नाही. आजीचा यहूदाशी काय संबंध? धाकट्या काकांना शेतात पान लागलं, साप चावून गेले, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. दादांनी मान हलवली. साप नव्हता. बांधावरच्या बाभळीला त्यांनी स्वतःला टांगून घेतलं होतं. आत्महत्या हे पाप, म्हणून तेव्हाच्या फादरांनी त्यांना दफनभूमीत जागा दिली नाही, कुंपणाबाहेर पुरलं. त्यानंतर गावातलं कुणी आजीच्या चुलीपाशी टेकलं नाही.

मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. आजी चर्चमध्ये कायम दाराशी, चपलांजवळ बसायची. मी तिला पुढं ओढायची आणि ती येत नाही म्हणून तिच्यावर रुसायची. ते आठवून मला स्वतःची लाज वाटली.

मी विचारलं, "मंग, आजी परत बसली का?"

"बसली," दादा म्हणाले. "शेवटपर्यंत बसली. पुढच्या गावी लोकांनीच इचारलं, त्या म्हातारीचं सांगा म्हणून."

रविवारी मी वर्गात उभी राहिले. फादर मागच्या बाकावर होते. मी मुलांना सांगितलं की यहूदाच्या आईची गोष्ट बायबलात नाही, माझी चूक झाली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "मंग ती आई खोटीच व्हती का, टीचर?"

मी फादरांकडं बघितलं नाही. "खरी होती," मी म्हणाले. "मी तिच्या हातची भाकर खाल्ली आहे."