दहा दिवस उडी नाही

चौकातले चावीवाले काका घरात कधी टिकायचेच नाहीत. चहाचा कप हातात असतानाच एक पाय चपलेत. "तुमच्या पायाला भिंगरी आहे," काकू म्हणायच्या. त्या लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या आणि चौथ्याच दिवशी त्यांची लाडकी मांजर, ठमी, गॅलरीतून पडली. मागचा पाय मोडला. ऑपरेशन करून आत सळई बसवावी लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दहा दिवस उडी मारू द्यायची नाही. टाके चाटू द्यायचे नाहीत."

काकांनी दुकान बंद ठेवलं. आतल्या खोलीतलं टेबल, खुर्च्या, कॉट, सगळं बाहेर काढलं आणि दार लावून मांजरीपाशी जमिनीवर बसले. बसले कसले, येरझाऱ्याच घालत होते. गळ्यातल्या नरसाळ्यासारख्या प्लास्टिकच्या कॉलरमुळे ठमी भिंतींना धडकायची. गोळी दिली की फेसासकट बाहेर. "अगं, गिळ ना बाई!" काका काकुळतीला यायचे. दर दहा मिनिटांनी टाके बघायचे. लाल दिसतायत का? सकाळपेक्षा जास्त? काकूंचा फोन आला की म्हणायचे, "ठमी मजेत आहे," आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहायची.

पाचव्या दिवशी ते पाच मिनिटं दूध आणायला गेले. परत येऊन बघतात तर ठमी खिडकीच्या कट्ट्यावर आणि कॉलर खाली पडलेली! जन्मभर लोकांची कुलपं उघडून देणाऱ्या माणसाला एक मांजर कोंडून ठेवता येईना. ठमीला टोपलीत घालून ते जवळजवळ धावतच दवाखान्यात पोचले.

डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपून बघितला. "सळई जागेवर आहे. एक टाका सुटलाय, तो घालते. तुम्ही आधी पाणी प्या."

घरी येताच काकांनी काकूंना फोन लावून सगळं सांगून टाकलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू लेकीला टाकून निघाली असतीस."

"असं वाटलं तुम्हाला?" काकूंचा आवाज दुखावलेला होता. मग म्हणाल्या, "गोळी माशाच्या तुकड्यात घालून द्या. नुसती कोण खाईल?"

ठमीने ती मुकाट्याने खाल्ली. अकराव्या दिवशी टाके निघाले. ती अजून जराशी लंगडते. काकांनी दुकान उघडलंय, पण दुपारी शटर अर्धं ओढून घरी डोकावून जातात. ठमी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही.