हात वर गेला की

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात माझ्या खिडकीखाली एका चर्चचं पार्किंग होतं. कोरोनात एकत्र गाणं बंद झालं, तरी दर शनिवारी चर्चच्या गॉस्पेल कॉयरची, म्हणजे भक्तिगीतं गाणाऱ्या वृंदाची, दिग्दर्शिका तिथे मुलांना लांब लांब उभं करायची. उंच बाई, हातांत लाल लोकरी हातमोजे. तिचा हात वर गेला की मुलं श्वास घ्यायची, खाली आला की सोडायची. गाणं नाहीच! मला आधी वाटलं, प्राणायाम शिकवतेय. एखादं मूल आलं नाही, तर त्याची जागा ती मोकळी ठेवायची आणि तिथूनच त्याच्या घरी फोन लावायची.

त्या एप्रिलमध्ये बाबा पुण्यात ऑक्सिजनवर होते. खोलीत बसवेना, म्हणून एका शनिवारी मी खाली उतरले आणि कुंपणाबाहेरून तिला इंग्रजीत विचारलं, "गायचंच नाही, तर मुलांना बोलावता कशाला?"

"गाणं पुन्हा बसवता येतं," ती म्हणाली. "पण घरात एकेकटी घाबरून बसलेली मुलं मी परत कुठून आणू?"

मग माझ्याकडे नीट बघत तिने एका मोकळ्या जागेकडे बोट केलं. मी तिथे जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दादा. पुण्याहून तो एरवी मेसेजच करायचा. फोन हातात धरला, पण उचलायचा धीर होईना.

लाल हातमोजा वर गेला. मुलांबरोबर मीही श्वास घेतला. हात सावकाश खाली आला.

"बोल, दादा," मी म्हणाले.