सोजरबाईंची सावड

सोजरबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९२६च्या मार्गशीर्षात. कुंभारीच्या शाळेत बदलून येऊन मला चारच महिने झाले होते. शाळेच्या वाटेवर विहिरीपाशी एक बाई बसली होती, हातात हिरव्या हरभऱ्याचा डहाळा. अशा वेळी माणूस घाटे सोलून खातो; ही बाई तांब्यातल्या पाण्यानं मुळं धूत होती. मुळांवर बारीक बारीक गाठी होत्या. एक गाठ तिनं नखानं फोडली आणि माझ्यापुढं धरली.

"मास्तर, आत रगतावानी लाल हाय. काय असंल?"

शेतीतलं मला काही कळत नव्हतं, पण विचारलं की उत्तर द्यायचंच ही मास्तरकीची खोड. "कीड आहे, बाई. उपटून जाळा."

त्या हसल्या. "कीड लागल्यावर झाड वाळतंय की. हितं तर जितं गाठी जास्त, तितं पाला काळाभोर. तुमी शाळंला जावा, उशीर हुईल."

गावात चौकशी केली तेव्हा समजलं. सोजरबाईंचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. धाकटे दीर रामहरी यांनी यंदाच सहा एकरांच्या मधोमध बांध घालून निम्मं रान त्यांना दिलं, पण पंचांसमोर अट घातली. पुढच्या साली दोघांनी ज्वारी पेरायची. वहिनीची कमी निघाली तर बांध मोडायचा, रान एक करायचं आणि वहिनीनं त्यांच्या चुलीवर जेवायचं. रामहरी दुष्ट नव्हते. एकट्या बाईला रान झेपत नाही, असं त्यांना मनापासून वाटे. बाईंच्या वाट्याला बैलही एकच आला होता. बैलाला बैल, माणसाला माणूस देऊन कामं उरकायची, ही आमच्याकडची सावड. पण एका बैलाच्या बाईशी सावड करायला कुणी पुढं येत नव्हतं.

पुढं सोलापूरला गेलो तेव्हा शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या कारकुनाकडून मी कडधान्यांवरचं पत्रक आणलं, रात्री वाचलं आणि रविवारी थेट त्यांच्या रानात गेलो.

"बाई, मी चुकलो. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. हवेत नायट्रोजन म्हणून वायू आहे, त्याचं ते झाडाला पचेल असं अन्न करतात. झाड त्यांना आपल्या रसातली साखर देतं. मुळं रानातच कुजली, तर त्यातलं काही पुढच्या पिकालाही मिळतं."

बाई लगेच म्हणाल्या, "म्हंजी सावडच की ही! आन् आमी हरभरा मुळासकट उपटतो. सावडीचा गडी बांधाभाईर हाकलल्यागत झालं."

रानाच्या एका कोपऱ्यात चुनखडी होती. तिथल्या मुळांवर गाठी जवळजवळ नव्हत्या. पत्रकात लिहिलं होतं, गाठी धरायला फॉस्फरस लागतो आणि चुनखडीत तो पिकाला मिळत नाही.

"ते कशात असतंय?"

"हाडांत. मेंढ्यांच्या लेंड्यांतही थोडं."

"मग लेंड्याच बऱ्या."

माघात हरभरा वाळला. सारं गाव उपटत होतं आणि सोजरबाई कंबर मोडेपर्यंत वाकून विळ्यानं कापत होत्या. शेजारच्या रानातून केराबाई ओरडली, "सोजरे, हरभरा कापत्यात व्हय? उद्या भाकरी बी विळ्यानं थापशील!"

"थापीन की. तू खायला ये मातूर."

चैत्रात सांगोल्याकडचे धनगर आले. बाईंनी त्यांना भाकरी-कालवण घातलं आणि पाच दिवस मेंढरं त्या चुनखडीच्या कोपऱ्यात बसवली. पेरणीला पलीकडचे नागप्पा आले. त्यांचाही एक बैल नुकताच मेला होता. दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली आले, आणि बदल्यात बाईंनी नागप्पांचं रान खुरपलं.

रामहरींच्या रानात ज्वारीवर ज्वारी होती. "हरभऱ्यात वहिनीनं एक साल घालवलं," असं ते चारचौघांत म्हणत. पौषात बांधावर उभं राहिलं की त्यांची ज्वारी पिवळट आणि बाईंची गडद दिसे. तरी दाणा भरेपर्यंत बाई रोज कणसं चाचपून बघत.

फाल्गुनात दोन्ही खळी झाली. रामहरींची ज्वारी आठ पोती भरली. वहिनीची ज्वारी त्यांनी पंचांसमोर स्वतः मापली. नववं पोतं शिवून झालं तरी ढीग उरला होता. त्यांनी दहावं पोतं उघडलं. तेही भरलं.

पंचांकडं न बघता ते म्हणाले, "वयनी, बांध ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या म्हंजी? हलला कवा हुता, भावजी?"

सगळे हसले. रामहरीही हसले, जरा उशिरानं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "फुडल्या साली मी बी हरभरा करीन, तुमचा तो विळा मला लागंल."

आता १९३८ साल आहे. मी निवृत्त झालो, तरी कुंभारीतच राहतो. सोजरबाई एक साल ज्वारी, एक साल हरभरा करतात आणि चुनखडीच्या कोपऱ्यातही आता मुळांना गाठी धरतात. त्यांच्याकडं चार विळे आहेत. त्यांतले दोन रामहरींच्या घरी असतात.