बेलवाले काका

दारावरच्या बेल बनवणाऱ्या कारखान्यात, बिघडून परत आलेला माल काका दुरुस्त करत. नव्या साहेबांनी फर्मावलं, "सोमवारी ज्या वाजतील त्या पुन्हा विकू, बाकीच्या भंगारात." एका सुटलेल्या तारेपायी अख्खी बेल फेकायची, हे काकांना पटेना. त्यांनी बिघडलेल्या बेलची पेटीच घरी आणली.

काकू गेल्यापासून तिकडे कुणी फिरकत नसे. रविवारी मात्र दुपारभर बेल वाजत राहिली. शेवटी शेजारीणबाई डोकावल्या.

"काका, आज पाहुण्यांची रीघ लागलीय वाटतं!"

"छे हो, कारखान्यातलेच सगळे. उद्या जातील परत."

त्या हसत निघून गेल्या. काकांनी शेवटच्या बेलची तार जोडली, बटण दाबलं. वाजली. तीही भंगारातून वाचली होती, तरी काका बटणावरचं बोट उचलेनात.