आमच्या कंपनीच्या मुंग्या

टीव्ही कोणत्या कंपनीचा घ्यायचा, यावर आमच्या घरात चर्चा झालीच नाही. सासूबाईंनी ती वीस वर्षांपूर्वीच संपवून टाकली होती. सासऱ्यांनी तेव्हा मुंबईहून एक रेडिओ आणला होता. तो दोनदा फळीवरून पडला, एकदा त्यात पाल शिरली, तरी एक दिवसही मुका झाला नाही. सासरे गेले, रेडिओ बोलत राहिला. खंडेनवमीला नांगर-कोयत्यांच्या शेजारी त्यालाही झेंडूची माळ असायची. टीव्ही आणायचं ठरलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याच कंपनीचा आणा. त्यांनी आपल्याला कधी फसवलं नाय." कंपनी म्हणजे जणू आमच्या नात्यातलं एखादं जुनं, शब्दाला जागणारं घर.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, कडावच्या अलीकडे, भातशेतीचं. गावात टीव्ही दोनच, दोन्ही काळे-पांढरे. रंगीत टीव्ही यायला अजून अवकाश होता. आमच्या टीव्हीला लाकडी शटर होतं, ते सरकवून कुलूप लावता यायचं. दुसरा टीव्ही माझ्या चुलत सासूबाईंचा. त्यांना सगळे काकी म्हणायचे. त्यांचा दुसऱ्या कंपनीचा, चार पायांवर उभा, बिनशटरचा. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. दोन्ही केव्हाच बंद पडल्या, आता त्यांची भांडणं उकरून काय करायचं?

पण तेव्हा काय जोर होता त्या भांडणाला! गावात सरळ दोन तट पडले, शटरवाले आणि पायवाले. ज्यांच्या घरात साधा रेडिओ नव्हता तेही कुठल्या तरी बाजूला होते. दूध घालणाऱ्या दादांनी कर्जतहून टेंपोतून दोन्ही टीव्ही उतरवले होते, म्हणून त्यांच्या मताला मान होता. ते म्हणायचे, "शटरवाला जड हाय. मी उचललाय ना. जड तो टिकाऊ." यावर पायवाले म्हणत, वजन लाकडाचं, आतल्या मशीनचं नव्हे. एकाने तर कर्जतच्या बाजारातल्या दोन दुकानदारांवरूनच निकाल दिला. एकाने त्याला चहा पाजला होता, दुसऱ्याने नुसतं पाणी. ज्याच्या दुकानात चहा नाही त्याचा टीव्ही काय चालणार, असा त्याचा हिशेब.

मीही शटरवाल्यांची कट्टर कार्यकर्ती झाले. मी खोपोलीच्या चाळीतली, दहावी झालेली, लग्नाला जेमतेम दोन वर्षं. माहेरी कधी कुठल्या कंपनीचा अभिमान बाळगला नव्हता. पण इथे विहिरीवर कुणी पायवाल्याचं कौतुक केलं की माझं डोकं फिरायचं. भरलेली कळशी खाली ठेवून मी वाद घालायची. खरं सांगते, मला त्यात भारी मजा यायची.

आमच्या बाजूची एकच गोष्ट लंगडी होती. काकींच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ यायचं आणि आमच्या टीव्हीवर मुंग्या. नवऱ्याने अँटेना फिरवली, पाइप उंच केला, कर्जतहून बूस्टर आणून जोडला. मुंग्या हलल्या नाहीत. बातम्या देणारी बाई आमच्याकडे कायम धुळीच्या वावटळीत बसलेली असायची. सासूबाई मात्र ठाम होत्या. "मुंग्या हायत," त्या म्हणायच्या, "पण बघ कशा बारीक हायत. तिच्याकडं असत्या तर मुंगळे असते."

हे काकींच्या कानावर गेलं. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आल्या आणि ओटीवर चार बायका बसलेल्या असताना म्हणाल्या, "टीवीपुढं जरा साखर ठेव गं, मुंग्या तरी खूश होतील." सासूबाईंनी ताट घेतलं, शंकरपाळे डब्यात काढले, रिकामं ताट परत दिलं आणि त्याच दमात शपथ घेतली, "तुझ्या त्या बिनशटरच्या टीवीसमोर मी जन्मात बसणार नाय."

पुढे वाल निघाले त्या दिवसांत गावात एक जीप आली. मुंबईच्या टीव्हीवर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा, त्याची माणसं. कीटकनाशकाशिवाय वर्षभर कडधान्य कसं टिकवतात, ते त्यांना हवं होतं. ग्रामसेवकाने त्यांना थेट आमच्याकडे आणलं, कारण सासूबाईंच्या वालांना कधी भुंगा लागलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांची रीत अशी. वालांना तीन उन्हं द्यायची, मग रात्रभर गार होऊ द्यायचे. गरम भरले तर वालांना घाम सुटतो, आणि घाम सुटला की कीड. मग चुलीची चाळलेली राख चोळायची, मडक्यात भरताना थराथरात निरगुडीचा पाला घालायचा आणि मडक्याचं तोंड शेणमातीने लिंपायचं. दोन उन्हाळे माझ्या हाताला धरून त्यांनी मला हे शिकवलं होतं. घाम सुटलेला वाल कसा ओळखायचा, ते माझ्या गालाला वाल लावून दाखवलं होतं.

कॅमेरा पाहिला आणि सासूबाई मागे सरकल्या. "मी नाय बोलणार. सूनबाई शिकलेली हाय, ती बोलंल."

मी बोलले. अगदी झोकात बोलले. पदर नीट केला, पुस्तकी मराठी काढली, घामाचं शास्त्र समजावलं. मला वाटत होतं, आता सगळी मुंबई मला बघणार, आणि मुंबईचं काय घेऊन बसलात, खोपोलीची आख्खी चाळ बघणार! शेवटी त्या माणसाने हसत विचारलं, "हे सगळं कुठं शिकलात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माहेरी, खोपोलीला. आईनं शिकवलं."

सासूबाई तेव्हा त्या लोकांसाठी आत चहा ठेवत होत्या. त्यांनी ऐकलं नाही.

जीप गेली आणि माझं मलाच कळेना की मी असं का बोलले. आईने मला पुष्कळ शिकवलं, पण वाल? आमच्याकडे वाल वाण्याकडून पावशेर यायचे आणि त्याच आठवड्यात संपायचे. ते वाक्य पुसून टाकायची काही सोय नव्हती. मी गप्प बसले, आणि तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम दाखवणार होते.

घर आनंदाने वेडं झालं. सासूबाईंनी गावभर आमंत्रणं दिली. "माझी सून टीवीत येणार हाय," हे त्यांनी दूधवाल्या दादांना एकाच दिवसात तीनदा सांगितलं. स्वतःला टीव्हीवर बघायची केवढी हौस होती मला! आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी आमच्या कंपनीच्या मुंग्यांची मनापासून प्रार्थना करत होते. शेवटचं तेवढं वाक्य मुंग्यांनी खाऊन टाकावं.

मंगळवारी साडेपाचलाच ओटी माणसांनी भरली. नवऱ्याने टीव्ही लावला. मुंग्यांनी माझं ऐकलं होतं, पण जरा जास्तच. त्या दिवशी नुसत्या मुंग्या, माणूस नावाला दिसेना. आवाज म्हणजे तव्यावर पाणी शिंपडावं तसा. पावणेसहा झाले, सहा झाले. अँटेना फिरवून नवरा घरावरून उतरला आणि हळूच म्हणाला, "आये, काकीकडं जाऊ. आजच्या दिवस."

"शपथ घेतलीय मी."

"मग सुनेला बघायचं नाय?"

सासूबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "बघणार. पन आपल्याच टीवीवर बघणार. उचला ह्याला. तिची वायर ह्याला लावू."

अशी आमची वरात निघाली. टीव्ही खाटेवर आडवा नको म्हणून उभाच ठेवला, गोधड्यांनी घट्ट बांधला आणि चौघांनी खाट खांद्यावर घेतली. आमच्याकडे आजारी माणसाला सडकेपर्यंत असंच नेतात. त्यामुळे वाटेतल्या घरातून एक म्हातारी काळजीने बाहेर आली आणि विचारू लागली, कुणाला काय झालं. दादा म्हणाले, "टीवीला मुंग्या लागल्यात, काकीकडं नेतोय." मागे तीस-चाळीस माणसं. मला हसू आवरेना आणि पुढे जावंसंही वाटेना.

काकींचं घर गावाच्या टोकाला, उंचवट्यावर. त्या दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता हाकलून देतील. पण त्यांचे डोळे चमकले. "आन की," त्या म्हणाल्या. "लाव माझी वायर. इथंपन मुंग्याच दिसतील. मंग कळंल गावाला, कंपनी काय असते."

सव्वासहाला त्यांच्या अँटेनाची वायर आमच्या टीव्हीला लागली. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने शटर सरकवलं. एक क्षण पडदा काळा, मग एक रेघ, आणि मग चित्र. काय चित्र होतं ते! बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातली कुडीसुद्धा दिसत होती. शटरवाल्यांनी टाळ्या पिटल्या. पायवाले खाली बघू लागले, आणि काकी नुसत्या बघत राहिल्या. त्यांना कळलं ते आम्हा सगळ्यांना हळूहळू कळलं. माझा नवरा अंगणात गेला, अँटेनाच्या रोखाने त्याने पश्चिमेला पाहिलं आणि परत येऊन कपाळाला हात लावला. आमच्या घरापुढे माथेरानचा डोंगर भिंतीसारखा सरळ उभा होता. काकींच्या उंचवट्यावरून मात्र त्याच्या कडेने मुंबईकडचं मोकळं आभाळ दिसायचं. दोन वर्षं आम्ही कंपनीवरून भांडलो, आणि सगळी करणी डोंगराची होती.

पण माझं लक्ष त्यात नव्हतं. साडेसहा वाजले होते. आता मुंग्या नव्हत्या, मला वाचवायला कुणी नव्हतं.

मी दिसले. माझी जांभळी साडी करडी झाली होती. माझं नाक मला वाटायचं त्याहून मोठं निघालं. तरी मी दिसले, बोलत होते, हात हलवत होते, आणि मागे अंगणातल्या चुलीवर आमचं पातेलं ओळखू येत होतं. घरभर कुजबुज, पोरींची खिदळ. सासूबाई पुढे बसल्या होत्या आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर मान हलवत होत्या. त्यांची वाक्यं, त्यांची राख, त्यांचा पाला. मग त्या माणसाने विचारलं, हे सगळं कुठं शिकलात. आणि मी आख्ख्या मुंबईला, कुडी दिसेल इतक्या स्वच्छ चित्रात, हसत सांगितलं.

मान हलायची थांबली. सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे वळले. त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "माल आमचा, न् शिक्का दुसऱ्या कंपनीचा."

सगळे हसले, काकी सगळ्यात मोठ्याने. सासूबाईही जराशा हसल्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "चला, उचला." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे आमची अँटेना काकींच्या छपरावर गेली, तिथून लांबलचक वायर आली आणि दोन्ही जावा रोज वायरीच्या निमित्ताने एकमेकींकडे जाऊ लागल्या. पण कुणी पाहुण्याने वालाच्या बिरड्याची तारीफ केली, की सासूबाई वाढता वाढता शांतपणे म्हणायच्या, "सुनेच्या माहेरची रीत हाय." प्रत्येक वेळी मी मान खाली घालून भात कालवत बसायची.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी आई आली. सासूबाईंनी तिच्यासाठी डबाभर वाल काढले. राख चोळलेले, निरगुडी घातलेले. मी झाकणाच्या कडेला शेणमाती लिंपत होते. आई म्हणाली, "अगं, तुझा कार्यक्रम काही दिसला नाही. आमच्या घाटाखाली त्या दिवशी नुसत्या मुंग्या. सगळी चाळ जमली होती. काय बोललीस गं तू?"

माझा हात थांबला. ज्यांच्यासाठी मी ते बोलले होते, त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

मी काही बोलायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "लय चांगली बोलली, विहिणबाई. तुमचं नाव घेतलं तिनं. सगळ्या मुंबईनं ऐकलं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण वेगळ्या कारणाने. "खोटं बोलले गं आई," मी म्हणाले. "हे सगळं मला यांनी शिकवलं. एकेक वाल गालाला लावून शिकवलं."

सासूबाईंनी आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. डबा पुढे ओढून त्यांनी माझ्या लिंपणावरून बोट फिरवलं.

"गप," त्या म्हणाल्या. "हितं फट ऱ्हायलीय बघ. हवा जाईल."