मुठीतली माती

अठराव्या शतकातला गुन्हा आणि शिक्षा हा भाग शिकवायला घेतला की माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरचे वीरही जागे व्हायचे. एरवी चौथाई-सरदेशमुखीला ज्यांच्या माना खिडकीकडे वळायच्या, ते खोड्याचं नाव काढताच सरसावून बसत. खोडा म्हणजे भोकं पाडलेला जाडजूड ओंडका. त्यात कैद्याचे पाय अडकवून ठेवत. त्याहून लाडका विषय म्हणजे दिव्य. साक्षीपुरावा नसेल तर आरोप असलेल्या माणसानं उकळत्या तेलात हात घालून आतला धातूचा तुकडा बाहेर काढायचा. हात भाजला तर तो खोटा, नाही भाजला तर खरा. लातूरच्या एका कॉलेजात मी हयातभर हे शिकवलं, आणि दरवर्षी एखादा मुरुडकडचा नाहीतर उदगीरकडचा गडी उठून विचारायचाच, "मॅडम, आन् ज्यानं चोरी केलीच न्हाई, त्याचा हात भाजला तर?"

"तर काय, चोर!" मी म्हणायचे. वर्ग हसायचा, मीही हसायचे. निवृत्त झाल्यापासून त्या हसण्याची फार आठवण येते.

तास संपत आला की मी आमच्या गावची गोष्ट काढायचे. आमचं गाव जळकोट तालुक्यात. तिथे चोरी झाली तर पोलिसांच्या आधी मातीला विचारायची रीत होती. घरातल्या आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी, मालकापासून गड्यापर्यंत, मूठभर माती घेऊन मारुतीच्या पारावर यायचं. मूठ घट्ट मिटलेली हवी. देवळामागे भिंतीच्या आडोशाला टोपलं ठेवलेलं असे. एकेकानं एकटं आत जायचं, मूठ रिकामी करायची आणि गुमान बाहेर यायचं. शेवटी टोपलं पारावर आणून माती सगळ्यांदेखत चाळायची. चोराला उपरती झालीच असेल तर तो मातीबरोबर वस्तूही टाकी. वस्तू मिळाली की विषय संपला. कुणी टाकली हे विचारायचं नाही, कुणी कुणाकडे बोट दाखवायचं नाही. चाळणी धरायचा मान अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ही रीत निजामाच्याही आधीची, असं ते छाती फुगवून सांगत. मला कुठल्या जुन्या कागदात ती सापडली नाही, पण अण्णांपुढे कागदाचं नाव काढायची कुणाची टाप होती!

"बाहेर चोराचं नाक कापत होते, तेव्हा आमचं गाव चोराचं नाक राखत होतं." हे माझं ठरलेलं वाक्य. त्यावर टाळ्या पडत. आता ते वाक्य माझ्याच्यानं म्हणवत नाही, आणि त्याचं कारण आमच्याच घरातलं आहे.

मी तेव्हा नोकरीला नुकती लागले होते. भावाच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि येळवस आली होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्याकडच्या लोकांना ती कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही. त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात, बाजारात चिटपाखरू दिसत नाही. जो तो कुणा ना कुणाच्या रानात. कडब्याची खोप, आत चुना फासलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, मडक्यातली गार आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हो! तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि रानात दिसेल ती पालेभाजी बेसनात शिजवायची. तसली चव मला पुढे लातूरच्या गॅसवर कधी साधली नाही. अण्णा "ओलगे, ओलगे" ओरडत पिकांवर आंबील शिंपडत पळायचे आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे. वहिनी देगलूरकडची. तिची ती आमच्याकडची पहिली येळवस. "अय्यो, मामा पडत्याल की!" म्हणत ती बांधावर उभी होती, आणि तिला हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आईच्या गळ्यात मात्र त्या दिवशी बोरमाळ नव्हती. माळेचा दोरा विरला होता, ओवून द्यायला पटवेकरी दुसऱ्या दिवशी येणार होता. म्हणून तिनं ती घरीच ठेवली. घर दिवसभर रिकामं राहणार, तेव्हा जपून ठेवली. रानात आल्यावर लक्षात आलं की मीठ घरी राहिलं. आमच्या सालगड्याची बायको, जिला आम्ही भावंडं मावशी म्हणायचो, तिला किल्ली देऊन पाठवलं. ती गेली तशी धावत आली. मीठ आणलंच, वर मला आवडतं म्हणून वाटीभर लिंबाचं लोणचंही आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पटवेकरी येऊन ओसरीवर बसला आणि पेटीत बोरमाळ नव्हती.

"पेटीतच ठिवली हुती. ह्या हातानं ठिवली," आई शेजारणींसमोर लेकरांची आण घेऊन सांगत होती. मग ती म्हणाली, "रानातून घरी कोन आलतं?" बस, एवढंच. पुढचं लोकांनी केलं. मीठ चुलीपाशी असतं, पण लोणच्याची बरणी आतल्या खोलीत, पेटीच्या शेजारी. मग ती आत गेलीच होती की! माझ्यासाठी आणलेलं लोणचं तिच्या अंगावर आलं. भावानं ठाण्यात जायला मोटारसायकल काढली. मावशी अंगणात उभी होती. पोलिसांनी एकदा तालुक्याला नेलं असतं, तर परत आल्यावर तिला पंचक्रोशीत कुणी खुरपायलाही बोलावलं नसतं.

अण्णांनी मोटारसायकलचं हँडल धरलं. "आधी माती," ते म्हणाले. मला त्या क्षणी वडिलांचा कोण अभिमान वाटला!

दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे पारावर जमलो. आई, भाऊ, वहिनी, मी, गडी, बाया. थंडीतही माझ्या मुठीतली काळी माती घामानं चिकट झाली होती. एकेक जण भिंतीमागे जाऊन आला. शेवटी मावशी आली. तिनं मूठ मिटलीच नव्हती. पसरलेल्या तळहातावर मातीचा लहानसा ढीग, देवळातून प्रसाद आणावा तसा. प्रत्येकासमोर ती तो हात धरत होती.

"बघा मालक, नुसती माती हाय."

पारावर हशा पिकला. हिला रीतसुद्धा कळत नाही, असं कुणीतरी म्हणालं. अण्णा चिडले. "मूठ मिट. रीत हाय."

"आधी बघा तर मालक."

"मिट म्हणलं ना!"

तिनं मूठ मिटली आणि भिंतीमागे गेली.

अण्णांनी चाळणी हलवली, माती झरझर खाली गेली आणि बोरमाळ वर राहिली. अण्णांनी ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "ज्यानं टाकली त्यानं गावाची लाज राखली. आता आपन त्याची राखू," म्हणून त्यांनी सगळ्यांना गूळ वाटला. रीत तंतोतंत पाळली गेली. कुणी एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारायची गरजच कुणाला उरली नव्हती. काल मावशीवर नुसता संशय होता, आज सगळ्यांची खात्री झाली. हापशावर बाया तिच्या घागरीपासून आपली घागर लांब ओढू लागल्या. आणि कुणी विचारतच नाही म्हटल्यावर तिनं 'नाही' तरी कुणाला म्हणायचं?

सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या खोपटाला कुलूप होतं. नवऱ्याचा भाऊ मुदखेडला स्टेशनवर हमाली करायचा, त्याच्याकडे दोघं गेली असं कळलं. "आपन कुठं काढलं त्यास्नी?" आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. तसं आम्ही काढलं नव्हतं, हे खरंच.

अण्णा गेले. अलीकडेच आईही गेली. जायच्या आधी तिनं वहिनीला जवळ बोलावून बोरमाळ तिच्या हातात दिली. "तुझ्याच हाताला गावली हुती, तूच ठिव," म्हणाली. मला राग आला. पोटची लेक समोर बसलेली असताना सुनेला! त्या रागात वहिनी पांढरीफटक का पडली, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

या येळवशीला रानात गेले. खोप तीच, पांडव तेच, भज्जी वहिनीच्या हातची. आता ती आईपेक्षाही चांगली करते, हे आई होती तोवर कबूल करायची सोय नव्हती. तिच्या गळ्यात बोरमाळ नाही हे पाहून मी टोमणा मारलाच. "मला नाही मिळाली ती नाही, तू तरी घालावीस की गं!"

वहिनीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती खोपीत जाऊन बसली आणि रडायला लागली.

"ताई, मातीच्या दिशी सकाळी दळणाची ज्वारी काढाया कणगीत हात घातला, तर बोरमाळ हाताला लागली," ती म्हणाली. "आत्याबाईंनीच ठिवली असनार. घर रिकामं ऱ्हानार म्हून ज्वारीत दडवली आन् इसरून गेल्या. पर त्यांनी समद्यांम्होरं, पेटीतच ठिवली म्हून आन घेतली हुती. मी बाहेर काढली असती तर त्या खोट्या पडल्या असत्या, न्हाईतर मी चोर ठरले असते. नवी हुते मी. म्हणलं, माती कुनाला कायबी इचारत न्हाई. बोरमाळ बी मिळंल, मावशी बी सुटंल."

"सुटली का मग?" मी विचारलं. माझा आवाज नको इतका चढला होता.

आईचं ते वाक्य मला तेव्हा कळलं. पुढे कधीतरी कणगीत हात घालताना तिला आठवलं असणार आणि माळ मातीत कुणी टाकली हेही उमगलं असणार. सुनेनं सासूला झाकलं, सासूनं सुनेला झाकलं. आमच्या घरात सासू-सुनेचं कधी वाजलं नाही, याचं गावाला केवढं कौतुक! मलाही होतं. ते कौतुक मावशीच्या जिवावर चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती ज्याची त्याला. उकळत्या तेलात निदान हात तरी सगळ्यांना दिसत होता.

दुसऱ्याच दिवशी मी वहिनीला घेऊन मुदखेडला गेले. सोबत किटलीत आंबील आणि डब्यात उंडे घेतले. रिकाम्या हातानं कसं जायचं? मावशी आपल्या मुलाच्या दारात उन्हाला बसून सुपात तूर निवडत होती. नजर अधू झाली होती. मी हाक मारल्यावर मान वर करून म्हणाली, "लोनचंवाली का गं तू?" माझे डोळे भरून आले.

वहिनीनं तिच्यापुढे मूठ धरली आणि उघडली. बोरमाळ होती. मावशीनं तिला हात लावला नाही. वहिनी कणगीपासून पारापर्यंत सगळं बोलली. मावशीची बोटं तुरीतून फिरत होती, मग थांबली.

"मी हात उघडा आनला हुता की," ती म्हणाली. "मालकाला म्हणलं बी, बघा म्हून."

"हाव मावशी," मी म्हटलं.

"आमचा म्हातारा मरस्तोवर मला म्हनायचा, जाऊ दे, परत टाकलीस ते लई ग्वाड केलंस. म्या म्हनायची, न्हाई वो, म्या घेतलीच न्हाई. तो म्हनायचा, हाव हाव, आता कोन इचारतंय."

भिंत धरून ती उठली. वहिनीचं मनगट पकडून तिला आत घेऊन गेली. मागोमाग मीही गेले. भिंतीवर म्हाताऱ्याचा हार घातलेला फोटो होता.

"आता हितं सांग," मावशी म्हणाली.

वहिनीनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"मोठ्यानं," मावशी म्हणाली. "त्याला कमी ऐकू येतंय."

वहिनीनं घसा साफ केला आणि कणगीपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.