समासातली मीराबाई

रायपूर राजधानी झालं आणि इथं रुग्णालयं भराभर उभी राहिली. तेलीबांध्याच्या अशाच एका खासगी रुग्णालयात मी कर्मचाऱ्यांचं 'सामाजिक भांडवल' मोजायला गेले होते. म्हणजे कोण कोणावर विश्वास ठेवतो, अडचणीत कोण कोणाकडे जातो, ते. विश्वासाला एक ते पाच गुण द्यायचे, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. पण पगार मिळत होता, म्हणून मोजत होते.

सातव्या प्रश्नाखाली कर्मचाऱ्यांची छापील यादी होती. मन जड झालं की यातल्या कोणाकडे जाता? नावावर खूण करा. लोकांनी खुणा सोडून समासात हातानं लिहिलं: मीराबाई. मी चिडले. सूचना वाचायच्या नाहीत असा या देशात कायदाच असावा! मग मोजलं. चौऱ्याऐंशी फॉर्मांपैकी एकसष्टांत मीराबाई. नर्स, वॉर्डबॉय, गेटवरचा गार्ड, एक्स-रेवाला, सगळ्यांचं एकच नाव. चूक माझीच होती. कंत्राटी माणसांना मी यादीतच घेतलं नव्हतं.

तळघरातल्या चादरींच्या खोलीत ती सापडली. मूळची गोंदियाची, लग्न होऊन रायपुरात आलेली, पन्नाशी ओलांडलेली ठेंगणी बाई. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालून वॉर्डात द्यायच्या, हे तिचं काम. मोठी चादर एकटीला आवरत नाही, म्हणून न्यायला येणाऱ्यानं दुसरं टोक धरायचं, असा तिचा शिरस्ता. टोक धरलेला माणूस गठ्ठा होईपर्यंत जागचा हलू शकत नाही, आणि तेवढ्यात त्याच्या पोटातलं ओठावर येतं.

माझ्यासमोर सोनिया नावाची नर्स आली आणि तिनं चादरीचं टोक धरलं. सकाळी तिच्या वॉर्डात एक बाळ गेलं होतं. "दीदी, मुझसे ये नौकरी नहीं होगी," ती म्हणाली. मीराबाई एवढंच बोलली, "हव. कोना सोडू नको, बाई." तिसऱ्या चादरीला सोनिया रडली, सहावीला तिनं नाक पुसलं आणि गठ्ठा उचलून ती वॉर्डात परत गेली. खरं सांगते, इतक्या वर्षांत इतकं मोठं काम इतक्या गुपचूप चाललेलं मी पाहिलं नव्हतं.

मी तडक अधीक्षक डॉ. दयाराम साहूंकडे गेले. हिला कायम कर्मचाऱ्यांच्या यादीत घ्या म्हटलं. "वो तो इकतीस को जा रही हैं," ते म्हणाले. धुलाई शहराबाहेर सिलतऱ्याकडच्या एका कंपनीला दिली होती. घड्या मशीन घालणार, खोलीत फायली ठेवणार. माझं डोकंच फिरलं. ते एकसष्ट फॉर्म मी त्यांच्या टेबलावर ठेवले. कोणावरही भरणाऱ्याचं नाव नव्हतं, पण एक हिरव्या शाईत होता. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊनही साहेबांची हिरवी शाई सुटली नव्हती, आणि अख्ख्या रुग्णालयात ती दुसरं कोणी वापरत नव्हतं. तोच फॉर्म मी सगळ्यांत वर ठेवला.

आपलंच अक्षर पाहून त्यांनी तो फॉर्म हातात घेतला. "जिस साल मेरी पत्नी गुज़री..." एवढंच बोलले. मग त्यांनी कंत्राटाची फाईल मागवली. धुलाई बाहेर जाईल, पण खोली आणि मीराबाई राहतील, असं माझ्यासमोर लिहिलं.

मी दोन-दोन पायऱ्या गाळत तळघरात उतरले आणि तिच्याच बोलीत ओरडले, "मावशी, तुमची नोकरी वाचली! तुमाले काढून राहिले होते, मालूम होतं का?"

"हव. पंधरा दिवस झाले, चिठ्ठी भेटली होती."

पंधरा दिवस! आणि त्या पंधरा दिवसांत निम्मं रुग्णालय तिच्यापुढे रडून गेलं होतं.

"मंग कोणालेच काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगू, बाई? मले रडताना पाहून मंग ते इथं रडाले आले असते का?"